तोंडी किंवा लेखी

‘चौकशीअंती असे निष्पन्न झाले आहे की, दिवाणी दावा क्रमांक एकशे सेहेचाळीसमधील निकालाचा आशय निकाल जाहीर होण्यापूर्वी टंकलेखन कक्षातून बाहेर गेला. न्यायालयाच्या अन्य कोणत्याही कर्मचाऱ्याचा या प्रकाराशी संबंध आढळत नाही. टंकलेखिका श्रीमती लोम्बे सांपा यांना सेवेतून तात्पुरते दूर करण्यात आले आहे.’

मुलेम्बेच्या न्यायालयाच्या फलकावर बुधवारी लागलेल्या या निवेदनात तीन वाक्यं आहेत. त्यांपैकी तिसरं खरं आहे.

पहिल्याची परीक्षा करायला कायद्याचं ज्ञान लागत नाही. न्यायमूर्ती सिंकालाबाईंची लिहिण्याची रीत ठाऊक असली की पुरे, आणि ती रीत न्यायालयाच्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. बाई निकाल हाताने लिहितात, हिरव्या शाईने. लिहून झालेली पानं रोज दुपारी टंकलेखन कक्षात जातात आणि लोम्बे ती टंकते. शेवटचं पान मात्र जात नाही. ज्याची सुरुवात ‘सबब’ या शब्दाने होते आणि ज्यावर कोणाला काय मिळालं ते असतं, ते पान निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत बाईंच्या खणात कुलपात राहतं. लोम्बेने या दाव्याची चाळीस पानं टंकली. त्या चाळीस पानांत दोन्ही बाजूंचं म्हणणं इतक्या समतोल आस्थेने मांडलं होतं, की ती वाचून कोणीही शपथेवर सांगितलं असतं, दोघेही जिंकले. जे तिला माहीतच नव्हतं ते तिच्याकडून बाहेर गेलं, असं न्यायालयाचा फलक म्हणतो.

‘सबब’चं पान त्याआधी एकाच माणसाच्या हाती पडतं. हुकूमनामा भरून, शिक्के मारून, निकाल वाचून होताच सहीसाठी पुढे करावा लागतो. म्हणून न्यायमूर्तींचा कारकून आदल्या आठवड्यात ते पान घेतो, नावं आणि आदेश उतरवतो आणि पान परत खणात ठेवून किल्ली बाईंच्या हाती देतो. अर्थात या दाव्याचा निकाल तिघांना ठाऊक होता: सिंकालाबाईंना, देवाला आणि कारकून कालुबाला. देव पक्षकारांच्या घरी जेवायला गेल्याची नोंद नाही.

राहिलं दुसरं वाक्य. संबंध ‘आढळण्या’साठी तो शोधावा लागतो. राजधानीतून नव्याने आलेल्या प्रशासकाने अकरा कर्मचाऱ्यांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं आणि प्रत्येकाला विचारलं, तू सांगितलंस का? दहा जण नाही म्हणाले. लोम्बे रडली. रडणं ही कबुली असते हे कोणत्या संहितेत आहे ते प्रशासकाने सांगितलेलं नाही. पण दहा नकारांपेक्षा एक रडणं अहवालात मांडायला सोपं जातं, आणि ज्या संस्थेचं सगळं अस्तित्व पुराव्यावर उभं आहे, तिला स्वतःच्या घरात पुराव्याचा कंटाळा यावा, यात नवल नाही.

दहा नकारांपैकी कालुबाचा नकार सातवा होता.

सिंकालाबाईंना मात्र तो अहवाल पटला नाही. त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याकडून सोमवारी सकाळपर्यंत लेखी खुलासा मागवला. खुलाशांतून काही निघालं नाही, तर अहवाल कायम होणार होता आणि लोम्बेची नोकरी जाणार होती. म्हणून शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी, चिसांगामामांच्या अंगणातल्या गोल छपरीखाली कुटुंब जमलं; कालुबाचा खुलासा लिहायला.

*

या घरात न्याय कोणी दिला नव्हता. पोहोचवला होता तीन पिढ्यांनी. थोरले कबासो गोऱ्यांच्या काळात मुखियाच्या कचेरीचे हुजरे होते. खाकी चड्डी, लाल टोपी आणि हातात समन्स. त्यांचे चिरंजीव चिसांगामामा एकतीस वर्षं न्यायालयात दुभाषे होते आणि या काळात त्यांनी कित्येक साक्षीदारांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत कधीच जमलं नसतं इतकं तर्कशुद्ध बोलायला लावलं होतं. आता त्यांचा भाचा, एनेस्ताचा मुलगा कालुबा, न्यायमूर्तींचा कारकून. बेम्बा जमातीच्या घरात मुलावर हक्क मामाचा; मामा बोलायला लागला की बापाने खोकायचं, अशी रीत. कालुबाच्या वडिलांनी तर खोकणंही आठ वर्षांपूर्वी, वारले तेव्हा, थांबवलं होतं.

मामांनी चष्मा पुसला, मांडीवर पाट घेतला आणि पाटावर कोरा कागद ठेवला. शेजारी न्यायालयाच्या आचारसंहितेची प्रत होती. निवृत्त होताना त्यांनी ती घरी आणली होती. सरकारी वस्तू घरी नेऊ नये, हे त्याच प्रतीच्या चौथ्या पानावर होतं.

“लिही,” ते म्हणाले. “मी, खाली सही करणारा, प्रामाणिकपणे आणि नम्रपणे निवेदन करतो की...”

“मामा, प्रामाणिकपणे आणि नम्रपणे दोन्ही एकदम म्हटलं की संशय येतो बघा,” जेरे म्हणाला. जेरे हा कालुबाच्या बहिणीचा नवरा, पशुवैद्यकीय खात्यात, पूर्वेकडचा न्गोनी. बेम्बा आणि न्गोनी यांच्यात आजोबा-पणजोबांनी लढाया केल्या, आणि त्या संपल्यावर उरलं ते हे: एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि कोणी रागवायचं नाही. मयताला जाऊन मेलेल्याचीही टिंगल करण्याची मुभा असलेल्या माणसाला खुलाशाच्या मसुद्याची काय मातब्बरी.

“उंदीर भाजून खाणाऱ्यांनी भाषेत लक्ष घालू नये,” मामा म्हणाले.

“खरंय. आमच्याकडे उंदीर ताटात येतो तेव्हा शेपटीसकट येतो. काय खातोय ते कळतं. तुमच्याकडे एक जण माकड मारतो, दुसरा वाटे करतो, आणि तिसरा कोर्टात दुभाष्या होऊन सांगतो की ते कोकरू होतं.”

कालुबा हसला नाही. एरवी हसला असता. मामांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला तो धास्तीचा. भाचा घाबरलाय, आणि घाबरलेल्या माणसाला वाक्यांचा आधार लागतो. एकतीस वर्षं त्यांनी घाबरलेल्यांना वाक्यं पुरवली होती.

“हे बघ, कालुबा. तू काही बोललास का कोणाशी?”

“नाही मामा.”

“लिहिलंस का काही?”

“नाही.”

“मग झालं तर. नववं कलम. ‘कर्मचारी प्रलंबित प्रकरणाविषयीची माहिती तोंडी किंवा लेखी उघड करणार नाही.’ तू तोंडी केली नाहीस, लेखी केली नाहीस. खुलासा दोन ओळींचा आहे.”

“मग पाट कशाला घेतलाय मांडीवर?” जेरेने विचारलं. “दोन ओळी तर हातावर मावतील.”

“दाजी, तुम्ही जरा गप्प बसता का?” कालुबा म्हणाला.

जेरे गप्प बसला. त्याला मेव्हण्याच्या स्वरात काहीतरी ओळखीचं ऐकू आलं होतं. आजारी जनावर ज्या पायावर हात ठेवू देत नाही, दुखणं त्याच पायात असतं. एवढं शास्त्र त्याला खात्याने शिकवलं होतं.

*

स्वयंपाकाच्या झोपडीत एनेस्ता मक्याच्या पिठाची उकड घोटत होती आणि कासोंडे भोपळ्याची पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजवत होती. सासूसुनेत बोलणं कमी आणि कौतुक त्याहून कमी, पण आज दोघींचं एका गोष्टीवर एकमत होतं. खुलाशात ‘नाही’ लिहायचं. एनेस्ताला मुलगा वाचवायचा होता. कासोंडेला नवरा वाचवायचा होता, शिवाय मामाही. कारण दाव्यात हरायला निघालेला मलामा हा तिच्या आईचा सख्खा भाऊ.

दावा नदीकाठच्या जमिनीचा. दोन एकर, कडेला आंब्याची नऊ झाडं आणि मधोमध बारमाही पाण्याची विहीर. एका बाजूला मलामा, सुक्या मासळीचा व्यापारी. दुसऱ्या बाजूला काटोंगोबाई, निवृत्त सुईण, जिने चाळीस वर्षांत निम्मं मुलेम्बे या जगात ओढून आणलं. सिंकालाबाईंच्या ‘सबब’ने सगळी जमीन काटोंगोबाईंना दिली होती. निकाल गेल्या आठवड्यात शुक्रवारी वाचायचा होता. पण मंगळवारी सकाळी मलामा मासळीची टोपली घेऊन काटोंगोबाईंच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, आपण म्हातारी माणसं, कशाला भांडायचं, निम्मी तुझी निम्मी माझी, विहीर माझ्याकडे. काटोंगोबाईंना वाटलं, निम्मी तरी मिळतेय. गुरुवारी तडजोडीवर दोघांच्या सह्या झाल्या. शुक्रवारी सिंकालाबाईंनी ती तडजोड वाचली, चष्म्यावरून मलामाकडे बराच वेळ पाहिलं, आणि संध्याकाळी प्रशासकाला बोलावलं.

“तुझ्या मामांना एकदम शहाणपण सुचलं म्हणायचं,” एनेस्ता उकडीची पळी आपटत म्हणाली. “चार वर्षं भांडला आणि मंगळवारीच पाझर फुटला.”

कासोंडेने पानं ढवळली. मग म्हणाली, “आई, तुम्हाला काही सांगू?”

“सांगू नकोस.”

“रविवारचं आहे.”

“म्हणूनच म्हणते, सांगू नकोस. मला ठाऊक नसलेलं मला कोणी विचारू शकत नाही.”

पण कासोंडेने सांगितलं. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी तिच्या माहेरी जावयाला चूल दाखवायचा सोहळा झाला. लग्नाला चार वर्षं झाली, तरी तो दिवस येईपर्यंत कालुबाला सासरच्या माणसांसमोर जेवायची मुभा नव्हती. बायकांनी गाणी म्हणत झाकलेली मडकी आणली, एकेका मडक्यावरचं झाकण काढलं, सासूने जावयाला चूल दाखवली, आणि शेवटी आली अख्खी कोंबडी. कोंबडीचा पेटा, तिच्या पोटातली ती दाणे दळणारी कठीण पिशवी, हा मान जावयाचा. तो त्याने स्वतः खायचा. कासोंडेच्या माहेरी त्याला एकच अपवाद आहे: ज्याच्या घरात नुकसान झालंय, मयत झालंय, त्याच्या ताटात जावई तो ठेवू शकतो, धीर म्हणून.

“ह्यांनी पेटा उचलला,” कासोंडे म्हणाली, “आणि मामांच्या ताटात ठेवला.”

एनेस्ताने पळी थांबवली.

“मलामाच्या घरात कोण गेलं होतं?”

“कोणी नाही. मामा म्हणाले, काय रे बाबा, कोण मेलं माझ्या घरात? सगळे हसले. मग तेच हसायचे थांबले. पेटा खाल्ला, पाणी प्यायले, आणि जेवण अर्धं सोडून उठले.”

 एनेस्ताने उकडीचे गोळे केले, एकसारखे, गुळगुळीत, ओल्या पळीने पाठ थापटून. कालुबा पायाळू होता. दोन दिवस कळा, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे काटोंगोबाई सायकलवरून सतरा मैल आली होती, भिजलेली, आणि आल्या आल्या म्हणाली होती, हे पोर उलट्या बाजूने आत शिरलंय की काय? वेणा चालू असताना एनेस्ता हसली होती. ते तिला आत्ता का आठवावं, याचा तिला राग आला.

“बुधवारी प्रार्थनेला लोम्बे आली होती,” ती म्हणाली. “तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. मीही नाही.”

“का?”

“फलकावर लिहिलं होतं ना,” एनेस्ता म्हणाली. “छापील.”

*

जेवण छपरीत आलं आणि त्याच वेळी फाटकातून मलामा आला. अंगात इस्त्रीचा कोट, हातात दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तपकिरी बोकड. येणाऱ्याने टाळ्या वाजवून गुडघ्यात वाकून नमस्कार करायचा, पण एका हातात दोरी असल्यामुळे त्याला तो दोनदा करावा लागला; पहिल्यांदा बोकडाने त्याला ओढला.

“जेवायच्या वेळेला आलो,” मलामा म्हणाला. “म्हणजे, म्हणतात तसं, माझी सासू माझ्यावर प्रेम करते.”

“तुमची सासू वारली,” जेरे म्हणाला.

“ती वरूनही करते. हे घ्या. जावईबापूंसाठी.”

 मामांनी आचारसंहितेवर रुमाल टाकला, जणू ती झाकलेलं ताट होती.

“हे काय आहे, मलामा?” त्यांनी विचारलं.

“बोकड.”

“ते दिसतंय. कशासाठी?”

“असंच. आपल्या माणसाला काही कारण लागतं होय?”

जेरे उठला, बोकडाचा जबडा उघडून दात पाहिले, पोटावरून हात फिरवला. “दोन वर्षांचा. निरोगी. असाच कोणी देत नाही हा. मामा, भेटवस्तूचं कलम कितवं?”

“सहावं,” मामांच्या तोंडून आपसूक निघालं, आणि मग ते सावरले. “पण ते भेटवस्तूचं. हा पाहुणचार आहे.”

“पाहुणचार चारा खातोय,” जेरे म्हणाला. बोकडाने छपरीच्या कडेचं गवत ओढायला सुरुवात केली होती.

मलामा चटईवर बसला. हात धुवायचं भांडं त्याच्यासमोर आलं तेव्हा त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याला जाणवलं की या लोकांना अजून काहीच सांगितलेलं नाही. चांगुलपणाचा उमाळा आवरणं त्याला कधीच जमलं नव्हतं. मासळीच्या धंद्यातही तो यामुळेच लोकप्रिय होता.

“माझ्या भाचीने नवरा निवडला ना, तेव्हा मी म्हणालो होतो, कारकून? कारकून म्हणजे काय, कागद या टेबलावरून त्या टेबलावर. पण त्या रविवारी मला कळलं. बोलला नाही पोरगा. एक अक्षर नाही. नियमाला धरून. पेटा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. मी रात्रभर विचार करत होतो, माझं काय मेलं? घरात सगळे धडधाकट. गुरं नाहीतच. मग म्हटलं, मलामा, तुझं एकच काय ते टांगणीला आहे, कोर्टातला दावा. उजाडायच्या आत कळलं मला. याला म्हणतात खानदान. तुमच्या घराण्याने कोर्ट जन्माला घातलंय, उगीच नाही.”

कासोंडे खाली पाहत होती. एनेस्ता भावाकडे पाहत होती. मामा मात्र कोणाकडेच पाहत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढत होतं, जे एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वरिष्ठांनी अनेकदा पाहिलं होतं आणि ज्याला ते घाबरत असत.

“म्हणजे,” मामा म्हणाले, “तोंडी नाही.”

“अक्षर नाही,” मलामा म्हणाला.

“आणि लेखी तर नाहीच. एनेस्ता, ऐकतेस का? पेटा हा तोंडी नाही आणि लेखीही नाही. नववं कलम मोडलेलंच नाही. पोरगा शुद्ध आहे.”

“पेटा तोंडी नाही?” जेरे म्हणाला. “खाल्ला कुठून मग यांनी?”

मलामा खदखदून हसला. कालुबाची बहीण इथे असती तर तीही हसली असती. मामांनी जेरेकडे दुर्लक्ष केलं आणि कागद पुढे ओढला. त्यांना खरोखर आनंद झाला होता. संहिता लिहिणाऱ्यांना वाटतं की त्यांनी दार बंद केलं. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या दाराशी उभं राहिलेल्या माणसाला नेमकं ठाऊक असतं की बिजागरीकडून किती फट राहते. दार का बांधलं होतं, हा प्रश्न या विद्येच्या अभ्यासक्रमात नाही.

“आणि समजा, समजा हं, पुढे काही निघालंच,” मामा म्हणाले, “तर दुसरा परिच्छेद तयार ठेवू. ‘वयोवृद्ध नातलगाविषयीच्या सहज अनुकंपेपोटी, परंपरेला अनुसरून.’ अनुकंपा फार चांगला शब्द आहे. अनुकंपेला आजवर कोणी बडतर्फ केलेलं नाही.”

“आणि लोम्बेला?” एनेस्ता म्हणाली.

“लोम्बेचं काय?”

“तिला कशापोटी काढलं म्हणायचं?”

“एनेस्ता, आपण लोम्बेचा खुलासा लिहीत नाही आहोत.”

“मी पण तेच म्हणत होते दादा, सकाळपासून. चुलीपाशी बसून तेच म्हणत होते.” तिने पदराने हात पुसले. “काटोंगोबाई सतरा मैल सायकलवर आली होती याच्यासाठी. विहीर तिची होती, जमीनही. सगळी.”

“निम्मी तिच्या राजीखुशीने दिली तिने,” मलामा म्हणाला. “सही आहे.”

“तुम्हाला उत्तर ठाऊक होतं मामा, आणि तिला नव्हतं,” कासोंडे म्हणाली. ती नवऱ्याकडे न पाहता बोलत होती. “ती राजी नव्हती. ती घाबरली होती.”

मलामाने भाचीकडे पाहिलं, जसं भर बाजारात आपल्याच तराजूकडे पाहावं.

“तू माझ्या बाजूची ना गं?”

“मघापर्यंत होते.”

“मग आता काय झालं?”

“आता तुम्ही बोकड आणलात.”

बोकड गवत चावत राहिला. मग जेरे म्हणाला, “याला साक्षीदार म्हणून ठेवू या. एकटाच आहे इथे, ज्याने अजून काही खोटं सांगितलेलं नाही.”

*

कालुबाने अजून घास घेतला नव्हता. सगळे आपल्याविषयी बोलतायत आणि कोणीही आपल्याशी बोलत नाही, हे त्याला जाणवत होतं. न्यायालयात आरोपीला असंच वाटत असेल, हे अकरा वर्षं त्या खोलीत बसूनही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

मामा दयेविषयी बोलत होते. आईलाही मनातून तेच वाटत होतं. पोरगं मऊ आहे, मामेसासऱ्याचं तोंड बघवलं नसेल. मलामाला तो निष्ठा वाटत होता. बुधवारपासून तीन रात्री कासोंडेने त्याला काही विचारलं नव्हतं, कारण तिलाही ती दयाच वाटली होती, आणि दयेबद्दल माणसाला जाब कसा विचारायचा. प्रत्येकाने त्याला आपापल्या परीने निर्दोष ठरवलं होतं. कोणीही पुरावा तपासला नव्हता.

“कालुबा,” जेरे म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात टिंगल फारशी नव्हती, नावापुरती होती. “मी परका माणूस, उंदीरखाऊ. मला एक विचारू दे. पेटा उचललास तेव्हा बाकीचे काय करत होते?”

“बघत होते.”

“किती जण?”

“सगळे. चाळीसेक.”

“आणि मलामामामांना एकट्यात सांगता आलं नसतं?”

“एकट्यात सांगितलं असतं तर ते तोंडी झालं असतं,” मामा घाईने म्हणाले.

कालुबाने मामांकडे पाहिलं. मग पाट त्यांच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मामांनी तो धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही. त्यांना वाटलं, पोरगा सही करतोय.

त्याने मामांनी लिहिलेली ओळ वाचली आणि कागद उलटा केला.

“अरे, मसुदा चांगला आहे,” मामा म्हणाले.

“चांगलाच आहे मामा. तुमचाच आहे.”

“मग?”

“मग तुम्हीच सही करा.”

“हे घर तीन पिढ्या कोर्टात आहे,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एका दुभाष्याचा नव्हता, म्हाताऱ्याचा होता. “सोमवारनंतर नसेल.”

“लोम्बेची पहिलीच पिढी आहे,” एनेस्ता म्हणाली. “पहिलीच, आणि टंकायला बसलीय.”

कालुबा लिहीत होता. मलामाने हात धुतले, उकडीचा गोळा तोडला, आणि न खाताच परत ठेवला.

“म्हणजे जमीन जाणार,” तो म्हणाला.

“तुमची नव्हतीच ती, मामा,” कासोंडे म्हणाली.

“ते मला ठाऊक आहे गं. पण निम्म्याची सवय झाली होती. नऊच दिवस झाले, पण झाली होती.” तो उठला. त्याने दोरी हातात घेतली, मग जेरेकडे पाहिलं. “याचं काय करू?”

“घेऊन जा. आणि लोम्बेच्या दारावरून जाऊ नका, नाहीतर हाही प्रलंबित प्रकरणात धरला जाईल.”

मलामा हसला, थोडंसं, आणि गेला. फाटकाशी बोकडाने त्याला पुन्हा एकदा ओढला.

कालुबाने कागद वाचला नाही, घडी घातली नाही. तसाच मामांच्या हाती दिला. मामांनी चष्मा लावला आणि सवयीने, जसं एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं वाचत आले होते, एकसुरी आवाजात, एकही शब्द न सुधारता, मोठ्याने वाचलं:

‘माननीय न्यायमूर्ती, दिवाणी दावा क्रमांक एकशे सेहेचाळीसचा आदेश मी निकालाच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी, हुकूमनाम्यात उतरवला. रविवारी माझ्या सासरी मी माझा पेटा श्री. मलामा यांच्या ताटात ठेवला. त्या घरात त्याचा काय अर्थ होतो हे मला ठाऊक होते. श्रीमती लोम्बे सांपा यांना आदेश माहीत नव्हता आणि माहीत असणे शक्य नव्हते. चौकशीच्या वेळी मी हे सांगू शकलो असतो, सांगितले नाही. मी हे दयेपोटी केले असे माझ्या घरचे म्हणतात. ते खरे नाही. चार वर्षे त्या घरात मी कासोंडेचा नवरा होतो. त्या दिवशी चाळीस माणसांसमोर मला कोर्टातला माणूस व्हायचे होते. मलामांना निकाल कळावा, ही माझी इच्छा नव्हती. मला तो कळलेला आहे हे त्यांना कळावे, ही होती.’